वेगात दिसणारं चित्र: मोबाइलवरच्या गाडीच्या गेमसाठी पिक्सेल आर्ट करताना

गेल्या महिन्यात आमचा छोटासा गेम गूगल प्ले स्टोअरवर आला. वरून दिसणारा चार लेनचा महामार्ग, खालून वर धावणारी आपली गाडी आणि वाटेत येणारी रहदारी, एवढाच खेळ. कोड मित्राने लिहिला, चित्रं सगळी मी काढली. जानेवारी २०२५ मध्ये सुरुवात केली तेव्हा मला चित्रकला थोडीफार येत होती, पिक्सेल आर्ट, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका ठेवून काढायचं चित्र, अजिबात नाही. शिकवणारे व्हिडिओ भरपूर मिळाले, पण बहुतेक उभ्या पात्रांचे, झाडांचे, तलवारींचे. सेकंदाला ६०० पिक्सेल सरकणाऱ्या रस्त्यावर चित्र कसं टिकवायचं, हे सलग वाचायला मिळालं नाही. म्हणून ज्या क्रमाने अडचणी समोर आल्या त्याच क्रमाने इथे लिहितेय.

आधी साधनं. एसप्राइट हे खास पिक्सेल आर्टसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर साधारण २० डॉलरला मिळतं, पैसे एकदाच भरायचे. त्याचा सोर्स कोड बघायला उपलब्ध आहे आणि स्वतःच्या वापरासाठी त्यातून सॉफ्टवेअर तयार (कंपाइल) करून घेतलं तर काहीच खर्च नाही, फक्त थोडी खटपट आहे. त्याच्याच जुन्या आवृत्तीतून वेगळं झालेलं लिब्रस्प्राइट मोफत आहे, आणि पिस्केल तर ब्राउझरमध्येच चालतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने मी लिब्रस्प्राइटवर काढले. रस्त्याच्या टाइल्स (पुन्हा पुन्हा जोडून रस्ता बनतो ते चौकोनी तुकडे) करायची वेळ आली तेव्हा एसप्राइट घेतलं, कारण त्याच्या १.३ आवृत्तीपासून टाइलमॅपचा, म्हणजे टाइल्स मांडून नकाशा करायचा, थर आला आहे. एक टाइल बदलली की नकाशावर ती जिथे जिथे आहे तिथे लगेच बदललेली दिसते. पेन टॅबलेट मात्र घाईने घेऊ नका. वीस पिक्सेल रुंदीच्या गाडीत एकेक ठिपका नेमका ठेवायचा असतो, त्याला साधा माउस पुरतो.

मग प्रश्न आला, गाडी कुठून दाखवायची. मागून दाखवली की डोळ्यासमोर लगेच सेगा कंपनीचा १९८६ चा आउट रन हा गाडीचा गेम येतो: दूरवर बारीक होत जाणारा रस्ता, कडेची झाडं मोठी होत अंगावर येणारी. मलाही तेच करायचं होतं. पण त्या दृश्यात प्रत्येक झाड, प्रत्येक गाडी जवळ येताना आकाराने वाढत जाते. एकच चित्र कोडने लहान-मोठं केलं तर पडद्यावर निरनिराळ्या मापाचे ठिपके एकत्र दिसतात, आणि पिक्सेल आर्टचा नीटसपणा तिथेच जातो. हे टाळायचं तर प्रत्येक वस्तू सात-आठ मापांत हाताने काढायची. दोघांच्या संध्याकाळच्या वेळात ते झेपणारं नव्हतं. वरून दिसणाऱ्या दृश्यात गाडीचं माप एकच राहतं. पहिलाच गेम असेल तर माझा आग्रह याच दृश्याचा आहे.

फेब्रुवारीचा बराचसा काळ एका आकड्यावर गेला: गेमच्या आतला पडदा किती पिक्सेलचा ठेवायचा? हा आकडा ठरल्याशिवाय चित्राला हात लावू नये, कारण पुढे तो बदलला की सगळी चित्रं नव्याने काढावी लागतात. पिक्सेल आर्ट पडद्यावर पूर्ण पटीतच मोठं करायचं असतं. साडेपाच पट केलं तर काही ठिपके पाच पिक्सेल रुंद होतात, काही सहा, आणि चित्र सरकायला लागलं की ही असमान रुंदी सगळीभर वळवळताना दिसते. फोन तर शंभर मापांचे. पण कागदावर भागाकार मांडला आणि फार समाधान वाटलं. २०:९ प्रमाणातले ७२०×१६००, १०८०×२४०० आणि १४४०×३२०० हे पडदे अनुक्रमे ४, ६ आणि ८ ने भागले तर तिन्हींचं उत्तर एकच येतं, १८०×४००. जुन्या १६:९ फोनचं १०८०×१९२० हे माप ६ ने भागलं की १८०×३२०. म्हणजे रुंदी १८० पक्की, उंची ३२० ते ४०० मध्ये हलती. खेळाला लागणारं सगळं ३२० च्या आत बसवलं, उरलेल्या उंचीत नुसता रस्ता थोडा लांबवर दिसतो. गुणांचे आकडे वरच्या कडेला बांधले, कॅमेऱ्याच्या खाचेसाठी जागा सोडून.

या १८० मधून पुढची सगळी मापं आपोआप निघाली. चार लेन प्रत्येकी ३२ पिक्सेलच्या, म्हणजे १२८. उरलेले ५२ दोन्ही कडांना २६-२६. लेन ३२ ची, तर गाडी २० रुंद. खऱ्या गाडीच्या प्रमाणात लांबी ४५ च्या आसपास यायला हवी, पण तेवढी लांब गाडी पडद्यावर जड वाटते, म्हणून ३८ केली. ट्रक २६×७६. मोटारसायकल ९×२२, आणि तिची रुंदी मुद्दाम विषम, कारण हेल्मेट, टाकी, मागचा दिवा हे सगळं बरोबर मधल्या रेषेवर यायला मधोमध एक ठिपका लागतो. सम रुंदीत मधली रेषा दोन ठिपक्यांची होते आणि चालवणारा फुगल्यासारखा दिसतो.

रंगांसाठी तयार पॅलेटपासून (ठरावीक रंगांच्या संचापासून) सुरुवात करा, हे मी प्रत्येकाला सांगेन. मी डॉनब्रिंगर या पिक्सेल कलाकाराचं ३२ रंगांचं पॅलेट घेतलं. पिको-८ या छोट्या गेमसाठीच्या आभासी कन्सोलचं १६ रंगांचंही खूप लोकप्रिय आहे. तयार पॅलेटमध्ये रंगांचं एकमेकांशी जमलेलं असतं, आणि नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम तेच. मग त्यातून रंग वाटून टाकले. डांबर, कडेची माती, गवत यांना मंद, राखाडीकडे झुकणारे रंग. गाड्यांना ठसठशीत. लाल फक्त ब्रेकलाइटला आणि अपघाताला, दुसऱ्या कशालाही नाही. खेळणाऱ्याची नजर आपल्या गाडीवर खिळलेली असते, बाकीचं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, आणि तिथे बारकावा कळत नाही, रंग आणि हालचाल कळते. आणखी एक सवय लागली ती आजही सुटलेली नाही: दर काही दिवसांनी सगळं चित्र काळं-पांढरं करून पाहायचं. गाडी आणि रस्ता त्यात वेगळे दिसले नाहीत, तर उन्हात धरलेल्या फोनवरही ते वेगळे दिसणार नाहीत, आणि ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांना तर नाहीच.

मार्च आणि एप्रिल गाड्यांचे. वरून पाहिलं की गाडीचं फार काही दिसत नाही: बोनेट, पुढची काच, टप, मागची काच, डिकी. ओळख ठरते ती काचांच्या आकारावरून आणि टपाच्या लांबीवरून. टप मागेपर्यंत ओढला की व्हॅन झाली, मागे उघडा हौदा ठेवला की पिकअप. कोणत्याही कंपनीची खूण काढू नका, प्रसिद्ध गाडीचा ओळखू येणारा आकारही जसाच्या तसा घेऊ नका. स्टोअरच्या नियमांत दुसऱ्याच्या ट्रेडमार्कबद्दल स्पष्ट अटी आहेत.

प्रकाश कुठून पडतो, हा निर्णय मी बराच वेळ घेऊन केला आणि तो सगळ्यात उपयोगी पडला. सर्वसाधारण सल्ला असतो वरच्या डाव्या कोपऱ्यातून. पण आमची गाडी लेन बदलताना डावीकडे आणि उजवीकडे कलते. डावीकडे कलण्याच्या फ्रेम (हालचालीतली एकामागून एक येणारी चित्रं) काढल्या की उजवीकडच्या फ्रेम आरशासारख्या उलटून मिळतात, अर्धं काम वाचतं. प्रकाश डावीकडून असेल तर उलटल्यावर चकाकी उजवीकडे जाते आणि वळताना दर वेळी गाडी लुकलुकते. म्हणून प्रकाश पडद्याच्या थेट वरच्या कडेकडून घेतला. बोनेट उजळ, डिकी किंचित गडद, सावली मागच्या बाजूला. चित्र डावी-उजवीकडे सारखं राहिलं आणि उलटणं निर्धोक झालं. कललेल्या फ्रेम मात्र हातानेच काढा. गेम इंजिनला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो त्याला, चित्र दहा अंशात फिरवायला सांगितलं तर कडा तुटक होतात. एसप्राइटमधली चित्र फिरवायची रॉटस्प्राइट पद्धत बऱ्यापैकी चांगला आधार देते, पण तिच्यावरही नंतर कडेचे ठिपके एकेक करून नीट करावे लागतात. काचेची रेघ आणि बंपरची कड यांत वेळ घाला. सलग रेषेत ठिपक्यांच्या पायऱ्या ३, २, २, १ अशा क्रमाने उतरल्या तर डोळ्याला वळण दिसतं. ३, १, २, १ अशा आल्या तर खडबडीत दिसतं.

आणि मग मे महिन्यात रस्ता आला. माझ्या मते या प्रकारच्या गेममधलं खरं चित्र रस्त्याचंच असतं, गाड्या त्यावर येऊन-जाऊन असतात. लेनचे पांढरे पट्टे आधी ८ पिक्सेल रंग, ८ पिक्सेल मोकळी जागा असे होते. थांबलेल्या चित्रात फार सुबक. मित्राने वेग वाढवत नेला तसे ते आधी थरथरले, मग जागेवर चमकू लागले, आणि पूर्ण वेगात चक्क उलटे, गाडीच्या दिशेने पुढे सरकायला लागले. चित्रफितीत फिरतं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा परिणाम. गणित साधं आहे. एक पट्टा आणि एक फट मिळून १६ पिक्सेलचं आवर्तन. आमचा सर्वाधिक वेग सेकंदाला ६०० पिक्सेल, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेममध्ये १०. आवर्तनाच्या निम्म्याहून, म्हणजे ८ हून जास्त सरकलं की डोळा पुढचा पट्टा मागचाच समजतो, आणि १० पिक्सेल खाली जाण्याऐवजी त्याला ६ पिक्सेल वर आल्याचं दिसतं. मधोमध ८ वर दिशाच कळत नाही, नुसती उघडझाप.

उपायही त्याच गणितात आहे. आवर्तन ४८ पिक्सेलचं केलं, २० पट्टा आणि २८ फट. निम्मे झाले २४. जुना फोन ३० फ्रेमवर चालला तरी एका फ्रेममध्ये सरकतात २०, म्हणजे तिथेही पट्टे खालीच जातात. रस्त्याच्या टाइलची उंचीही ४८ ठेवली, म्हणजे सांधे आपोआप जुळतात. तुम्ही असा गेम करत असाल तर पट्टे काढण्याआधी सर्वाधिक वेग किती हे कोड लिहिणाऱ्याला विचारून घ्या आणि सगळ्यात मंद फोनवर एका फ्रेममध्ये जेवढे पिक्सेल सरकतील त्याच्या दुपटीहून जास्त आवर्तन ठेवा. कठड्याचे खांब, कडेचे दगड, जे जे ठरावीक अंतराने येतं त्या सगळ्याला हाच नियम.

डांबराचा पोतही वेगात वेगळाच निघतो. एकटे विखुरलेले ठिपके स्थिर चित्रात खडीसारखे छान दिसतात, धावताना त्यांची नुसती किरकिर होते. दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने मांडून मधली छटा भासवण्याची जी पद्धत आहे, तिचंही तेच. तिच्यामुळे रस्ता मुंग्या आल्यासारखा दिसायला लागला. शेवटी डांबराला एकमेकांच्या अगदी जवळच्या दोन छटा ठेवल्या आणि खुणा उभ्या लांबट केल्या, सहा ते बारा पिक्सेलच्या. वेग जाणवतो तो डांबरातून नाही, कडेने सुटणाऱ्या झाडा-खांबांतून, म्हणून सगळा बारकावा तिकडे नेला. या महिन्यात एक गोष्ट मनात पक्की झाली: संगणकावर आठपट झूम करून जे आवडतं त्याचा निकाल तिथे लावायचाच नाही. फोनवर घ्या, हात लांब करा, पूर्ण वेगात सोडा, आणि मग ठरवा. मी पुढे प्रत्येक टाइल अशीच पास केली, आणि जी वेगात नीट दिसली नाही ती कितीही लाडकी असली तरी काढून टाकली.

गेम इंजिनात चित्रं घालताना काही सेटिंग तपासायचीच. आम्ही गोडो हे इंजिन वापरलं. टेक्स्चर फिल्टर (चित्र मोठं करताना ठिपके कसे भरायचे ती सेटिंग) नियरेस्ट हवा, नाहीतर सगळं धुरकट होतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनात हीच गोष्ट पॉइंट फिल्टर नावाने आहे. मिपमॅप (चित्राच्या आपोआप बनणाऱ्या लहान प्रती) बंद. चित्रं दाबून कमी जागेत बसवणारं, फोनसाठीचं एएसटीसी किंवा ईटीसी२ कॉम्प्रेशन बंद, कारण त्यात माहिती गळते आणि सपाट रंगांच्या कडेला डाग उमटतात. जागेची चिंता नको, सगळी चित्रं एकत्र मांडलेला ५१२×५१२ चा पूर्ण अॅटलस कॉम्प्रेशनशिवायही मेमरीत १ एमबीच घेतो आणि आमच्या सगळ्या गाड्या त्यात मावल्या. अॅटलसमध्ये प्रत्येक चित्राच्या कडेचा ठिपका बाहेर एक पिक्सेल वाढवून ठेवा, नाहीतर शेजारच्या चित्राची बारीक रेघ मधूनच डोकावते. कॅमेऱ्याची जागा पूर्णांकावर आणायला सांगा. गोडोत ४.२ पासून पडदा पूर्ण पटीतच वाढवण्याची सोय सेटिंगमध्येच आहे.

जून पटकन गेला. रात्रीचा देखावा नव्याने काढला नाही, पॅलेटमधले रंग बदलून मिळवला. हेडलाइटचा झोत मात्र तीन ठळक पायऱ्यांचा हाताने काढला, कारण मऊ उतरता प्रकाश बाकीच्या ठोकळेबाज चित्रात परका वाटतो. वरून चाकं दिसत नाहीत, मग गाडी चालू आहे हे कळणार कसं? बॉडी अधूनमधून एक पिक्सेल हलवली, सायलेन्सरमागे चार फ्रेमचा धुराचा पुंजका ठेवला. तेवढ्याने गाडी जिवंत झाली आणि त्या रात्री मी उगाचच किती तरी वेळ ती बघत बसले. आकडे ५×७ मध्ये बसले. देवनागरी मजकुराला मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा हवी. आठ पिक्सेल उंचीत ते वाचता येत नाही, सोळा धरून चाला. शिवाय साध्या बिटमॅप फॉन्टला जोडाक्षरं जोडता येत नाहीत. म्हणून ज्याचा परवाना वापराची मोकळीक देतो असा खरा फॉन्ट घ्या, आणि त्या परवान्याची प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आवाज, फॉन्ट, जे जे बाहेरून आलं, त्याचा तक्ता आम्ही ठेवला होता. शेवटी अर्ज भरताना तोच समोर ठेवून बसलो.

जुलैपासून स्टोअरचं काम, आणि इथे चित्रकाराला वाटतं त्याहून जास्त काम असतं. गूगल प्लेचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर आणि ओळखीची कागदपत्रं. अॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर, म्हणून सध्या आम्ही फक्त अँड्रॉइडवर आहोत. चित्रांची मापं लिहून ठेवा. स्टोअरचं आयकॉन ५१२×५१२, ते ६४×६४ मध्ये काढून आठपट केलं. वरचं मोठं चित्र १०२४×५००, ते २५६×१२५ मध्ये काढून चौपट. फोनवरच्या आयकॉनचं माप १०८ डीपी (पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेलं अँड्रॉइडचं एकक), आणि ते निरनिराळ्या फोनसाठी १०८, १६२, २१६, ३२४, ४३२ पिक्सेलमध्ये द्यायचं असतं. हे सगळे आकडे ५४ च्या पूर्ण पटीत आहेत. ५४×५४ मध्ये एकच चित्र काढा आणि दोन, तीन, चार, सहा, आठपट करा, एकही ठिपका वाकडा होत नाही. महत्त्वाचं सगळं मधल्या ३३ पिक्सेलच्या वर्तुळात ठेवा, बाहेरचा भाग फोन आपल्या आकारात कापतो. स्क्रीनशॉटची लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीहून जास्त चालत नाही, त्यामुळे १०८०×२४०० चे बसत नाहीत. १०८०×१९२० मध्ये गेम चालवून घ्या, आणि पारदर्शक पार्श्वभूमी नसलेले पीएनजी द्या.

अर्जांमध्ये वयोगटाची प्रश्नावली आहे, त्यात अपघाताच्या दृश्याबद्दल विचारतात. आमच्या गाडीचे तुकडे उडतात पण माणूस दिसत नाही, तसं लिहिलं. माहिती गोळा करत नसाल तरी डेटा सेफ्टीचा फॉर्म आणि प्रायव्हसी पॉलिसीचा दुवा द्यावाच लागतो. आणि नवीन वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी गटात राहावं लागतं, त्यानंतरच सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करता येतो. हे आधी माहीत नसेल तर मोठा धक्का बसतो. बारापेक्षा जास्त माणसं घ्या, कारण मधेच कुणी बाहेर पडतं. आम्ही गट आधी जमवला आणि मग चाचणी सुरू केली. ऑगस्टचे ते दोन आठवडे संपले, मग अर्ज, त्यात चाचणीतून काय कळलं ते सविस्तर विचारतात, म्हणून लोकांचे अभिप्राय तारखांसह लिहून ठेवा. त्यानंतरची वाट पाहणं मला सगळ्यात जड गेलं. हातात काढायला काही नाही, सारखा मेल उघडून बघायचा. सप्टेंबरमध्ये परवानगी आली.

चाचणी गटातून एक मागणी आली होती आणि ती आम्हाला आधी सुचलीच नव्हती: रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय असलेल्यांसाठी सगळा रस्ता उलटा करता येईल का? प्रकाश थेट वरून असल्यामुळे रस्ता, झाडं, कठडे, गाड्या सगळं जसंच्या तसं उलटून चाललं. राहिलं ते एवढंच: ट्रकच्या टपावरची अक्षरं आणि दिशादर्शक पाट्या. ट्रकची अक्षरं झाली आहेत, पाट्या अर्ध्या झाल्या आहेत. पुढच्या आवृत्तीत ते येईल.